सायकल घेणाऱ्याच्या पायाचे माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जूनचा जागतिक सायकल दिन जवळ आला की आपल्या दैनिकात आणि इतरत्रही सायकलीविषयी भरभरून छापून येते. सायकल मार्गिका हव्यात, स्टेशनबाहेर सायकल लावायला सुरक्षित जागा हवी, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे बुजवा. या सगळ्या मागण्या रास्त आहेत आणि माझा त्यांना मनापासून पाठिंबा आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. दुकानातून घरी आणलेली सायकल चालवणाऱ्याच्या अंगाला बसते का? मध्यम उंचीच्या माणसाचे निभावून जाते, उंच माणसाचे निभत नाही. त्याचे गुडघे दुखतात, मनगटे भरून येतात, पाठ धरते. मग ‘आता आपल्याला सायकल झेपत नाही’ असे म्हणून तो ती जिन्याखाली लावून टाकतो. दोष असतो सायकलीच्या मापाचा आणि बोल लागतो शरीराला. हे पत्र त्यासाठी.

माझी पत्नी ५ फूट ११ इंच उंच आहे, मी ५ फूट ६. आमच्या लग्नात फोटोग्राफरने तिला माझ्यापेक्षा एक पायरी खाली उभे केले होते. तो फोटो आम्ही भिंतीवर कधी लावला नाही. उंच बाईला आपल्याकडे सगळीकडे वाकावे लागते. वर्तकनगरला आम्ही राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा ३२ इंचांवर होता आणि पोळ्या लाटून झाल्या की ती कंबर धरून बसायची. गवंडी बोलावून मी तो ३७ इंचांवर घेतला. कंबरदुखी गेली. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की दुखणे आले की औषधाच्या आधी टेप घेऊन माप बघावे.

ती शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की सायकल चालवा, त्यात अंगाचे वजन गुडघ्यावर येत नाही आणि मांडीचे स्नायू तयार होतात. तिला आनंदच झाला. लहानपणी सांगलीकडे वडिलांच्या काळ्या सायकलीवर आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आणि पुढे सीटवरून ती शाळेत जायची.

आम्ही ठाण्यातली बरीच दुकाने पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला. ‘काका, २६ दाखवू, २७.५ की २९?’ चपलेच्या दुकानात पायाचा नंबर विचारतात. इथे चाकाचा विचारतात, आणि चाकावरून सायकल कोणाला बसेल हे कळायला काहीच मार्ग नाही. बरे, हे चाकाचे आकडेही सरळ नाहीत. जुन्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक, म्हणजे २८ × १½, त्याच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिमी. आज २९ इंची म्हणून विकले जाते त्याचा ६२२ मिमी. म्हणजे २८ची रिम २९च्या रिमपेक्षा मोठी! २६ इंचीतही माउंटन सायकलीची रिम ५५९ मिमीची आणि साध्या लेडीज सायकलीची, २६ × १⅜ची, ५९० मिमीची. दोन्ही २६च म्हणवतात आणि एकीचा टायर दुसरीला चढत नाही. कंपन्यांना खरा आकडा ठाऊक असतो. तो टायरच्या कडेवर ४०-६२२ अशा पद्धतीने कोरलेला असतो. पण दुकानात तो कोणी वाचून दाखवत नाही.

सायकल कोणाला बसेल ते ठरते फ्रेमवरून. पायडलच्या दांड्या ज्या एक्सलवर फिरतात तिथपासून सीटनळीच्या, म्हणजे सीटची दांडी जिच्यात जाते त्या नळीच्या, तोंडापर्यंतची लांबी किती, सीटपासून हँडल किती लांब आणि किती उंच, यावरून. आम्ही पाहिलेल्या लेडीज सायकलींपैकी मी टेप लावली त्यांची सीटनळी ४५-४६ सेंमीच्या आसपास भरली. आपल्याकडे बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या जवळपास आहे, तेव्हा कारखानदार त्या हिशेबाने बनवतो, यात त्याचे काही चुकत नाही. पण त्याहून मोठी फ्रेम मागितली तर ‘ती जेन्ट्समध्ये येते’ हे उत्तर, आणि जेन्ट्समध्येही बहुतेक मॉडेल एका किंवा दोन मापांतच.

‘मॅडम, सीट वर घेतली की झालं,’ हे दुसरे ठरलेले उत्तर. एका दुकानात मेकॅनिकने तिच्यासाठी सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, ओढून इतका वर घेतला की ‘याच्या वर काढू नये’ ही त्यावरची खूण नळीच्या बाहेर बोटभर आली. वर पान्याने आवळून म्हणाला, बसा. मी तिला बसू दिले नाही. ती खूण शोभेची नसते. पोस्ट साधारण सात-आठ सेंमी तरी नळीच्या आत असायलाच हवा. कमी असला की तो पहारीसारखा नळीचे तोंड उकलतो आणि चालत्या सायकलीवर माणूस पाठीवर पडतो. ही खूण ग्राहकाला दाखवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. ती पोस्टवर कोरलेली असते. वाचक आज घरी जाऊन स्वतः पाहू शकतात.

आता हिशेब सांगतो. सीटची योग्य उंची काढायच्या दोन जुन्या, साध्या रीती आहेत. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या इंग्लंडमधल्या संशोधकांनी काढलेली एक: पायाची आतली लांबी गुणिले १.०९, हे अंतर खाली गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत. दुसरी ग्रेग लेमाँड या ‘टूर दे फ्रान्स’ तीनदा जिंकलेल्या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखली जाते: तीच लांबी गुणिले ०.८८३, हे अंतर पायडलच्या दांड्या फिरतात त्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत.

पायाची आतली लांबी कशी मोजायची ते नीट सांगतो, कारण सगळे त्यावर आहे. अनवाणी, भिंतीला पाठ आणि टाचा टेकून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहायचे. सुताराचा गुण्या भिंतीला सपाट लावून दोन पायांमध्ये वर सरकवायचा, सीटवर बसल्यावर जितका दाब जाणवतो तितका जाणवेपर्यंत. गुण्या नसला तर पुठ्ठ्याच्या बांधणीचे जाड पुस्तक चालते. वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायची आणि रेघेपासून फरशीपर्यंत टेप. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यायची. पँटच्या शिवणीचे माप धरू नये, ते दोन-चार सेंमी कमी भरते.

तिचे माप ८७ सेंमी भरले. ०.८८३ने गुणले की ७७ सेंमीला थोडे कमी. १.०९ने ९४.८, त्यातून १७ सेंमीचा क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, वजा केला की ७८ला थोडे कमी. दोन रीतींत सेंटिमीटरचा फरक, म्हणजे माप विश्वासाचे. आता दुकानातल्या सायकलीकडे या. सीटनळी ४६, पोस्ट २५ सेंमीचा, त्यातले ८ आत, म्हणजे वर राहिले १७. सीटची स्वतःची जाडी सुमारे ५. एकूण ६८. हवे ७७, मिळते ६८. तब्बल ९ सेंमी कमी. सीट इतकी खाली असली की पायडल वर येते तेव्हा गुडघा पार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटीच्या मागे दाब येतो आणि गुडघा पुढून दुखतो. ज्या दुखण्यासाठी सायकल घ्यायची ते दुखणेच सायकल वाढवते.

लांब पोस्ट मिळतो, ४० सेंमीचाही मिळतो. पण नुसता लांब पोस्ट घालून काम भागत नाही, आणि हा मुद्दा भल्याभल्या मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. सीटनळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट वर जाते तशी मागेही जाते. ७२ अंशांची नळी असली तर १० सेंमी वर घेताना सीट ३ सेंमी मागे सरकते. हँडल मात्र जागच्या जागी, खाली आणि आता आणखी लांब. उंच माणूस मग पुढे ओणवा होतो, सगळा भार तळहातांवर येतो आणि बोटांना मुंग्या येतात. इकडे बूड मागच्या चाकाच्या डोक्यावर आलेले असते, त्यामुळे येऊरच्या चढावर पुढचे चाक हलके पडून सायकल डुलते. म्हणून उंच माणसाची सायकल म्हणजे ठेंगण्या माणसाची सायकल अधिक लांब पोस्ट, असे होत नाही. सगळी फ्रेम मोठी लागते.

वडिलांसारखी २४ इंची काळी सायकल घ्यावी, असे तिच्या मनात होते. मीही तो विचार गांभीर्याने केला, कारण ती फ्रेम खरोखर मोठी असते, ६१ सेंमीची. पण तिची वरची नळी जमिनीपासून सुमारे ८६ सेंमीवर येते. ८७च्या पायाला नळीवर उभे राहायला एक सेंमी जागा. शाळकरी मुलगी उडी मारून उतरते, साठीच्या बाईने सिग्नलला उतरायचे कसे? शिवाय तिला पंजाबी ड्रेस घालूनच चालवायची होती आणि पाय मागून टाकून चढणे नको होते.

मी वागळे इस्टेटीत टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढले. १९६२ साली एमआयडीसीचे काम जिथून सुरू झाले तीच ही वसाहत. आज तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण गल्ल्यांमध्ये लेथ आणि ग्राइंडरवाल्या शेड अजून आहेत. त्यातली एक माझ्या जुन्या सहकाऱ्याची. त्याने सरफेस प्लेट (मापे तपासायचा अगदी सपाट पाट) आणि जोडकामाचा गॅसचा सेट वापरायला दिला आणि मी फ्रेम स्वतः बनवायची ठरवली.

नळ्या घेतल्या क्रोमोलीच्या, ४१३० नंबरच्या पोलादाच्या. गिरगावाजवळ खेतवाडी-कुंभारवाड्याच्या पोलाद बाजारात शोधल्या की मिळतात. साध्या शिवणीच्या पाइपपेक्षा हे पोलाद बरेच ताकदवान, म्हणून पातळ नळी चालते. सीटनळी सव्वा इंच न घेता एक अष्टमांश कमी, म्हणजे १⅛ इंच घेतली, पत्रा ०.७ मिमीचा. आत भोक नेमक्या मापाचे करणारा रीमर फिरवला की २७.२ मिमीचा पोस्ट ओठाला ओठ लागल्यासारखा बसतो. पोस्टचा ताण येतो तिथे नळीवर बाहेरून एक बाही चढवली. लांबी ५६ सेंमी. वर १६ सेंमी पोस्ट, ५ सेंमी सीट. जमले ७७.

रचना निवडली फ्रेंच सायकलींमध्ये पूर्वी असायची तशी: हँडलच्या नळीपासून दोन बारीक नळ्या तिरप्या खाली उतरतात, सीटनळीच्या दोन्ही अंगांनी पुढे जातात आणि थेट मागच्या चाकाच्या एक्सलपाशी मिळतात. पाय पुढून सहज टाकता येतो. आणि आपल्या नेहमीच्या लेडीज फ्रेमसारख्या त्या नळ्या मधेच संपत नसल्याने फ्रेम पिळत नाही. उंच माणसाच्या मोठ्या फ्रेमला पिळवटण्याचा धोका जास्त. नळ्या लांब, त्यात भार वर. पुढची खालची नळी म्हणून मी जाड घेतली. हँडलची नळी २२ सेंमी, म्हणजे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर आपोआप येते, त्यासाठी वेगळी लांब दांडी उभारावी लागत नाही. मागचा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या खालच्या दोन नळ्या, ४६ सेंमी लांब, बूड चाकाच्या पुढे राहावे म्हणून.

क्रँकवर मला बरेच सल्ले मिळाले. उंच माणसाला लांब क्रँक, १७५ मिमीचा घाला, असे सगळ्यांचे म्हणणे. मी १७० मिमीचा घातला. क्रँक जितका लांब तितका पायडल वर आल्यावर गुडघा जास्त दुमडतो, आणि आमचा सगळा खटाटोप गुडघ्यासाठीच होता. शर्यतीच्या तरुण मुलाचे गणित वेगळे असेल.

बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो, गोल तयार आणला, ६८ मिमी रुंद, १.३७ इंच व्यासाचा, इंचाला २४ आटे. जगातल्या कितीतरी सायकलींत हेच आटे असतात आणि त्यांना आजही बीएसए आटे म्हणतात, बर्मिंगहॅमच्या बंदुकांच्या कारखान्यावरून. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. हे माहीत नसलेले कितीतरी कप मी पान्याने फाटलेले पाहिले आहेत.

जोडकाम पितळेने केले. सहकाऱ्याचा मुलगा आर्गॉन वेल्डिंगमध्ये तरबेज आहे आणि ते लवकरही झाले असते, पण ०.७च्या पत्र्याला मला पितळेचाच भरवसा. आधी प्रत्येक नळीचे तोंड अर्धगोल कानशीने दुसऱ्या नळीच्या पोटाला बसेल असे कोरायचे. दिव्यासमोर धरून पाहायचे. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. उजेड दिसेनासा झाला की मगच नळ्या व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, आवळायच्या. सांध्याला टाकणखार लावायचा आणि ज्योत एका जागी न ठेवता फिरवत राहायची. पोलाद आधी काळपट, मग गडद लाल, मग नारिंगीकडे झुकू लागते. त्या क्षणी सळई टेकवली की पितळ पाण्यासारखे पळते, आणि जिकडे उष्णता नेऊ तिकडे जाते. सांध्याच्या एका अंगाने दिलेले पितळ दुसऱ्या अंगाने बारीक पिवळ्या कडेसारखे उगवले की समजायचे, आत पोचले. पाणी मारून निववायचे नाही. पोलाद कडक होऊन तडकते. पंखासुद्धा मी बंद केला होता. एका दिवशी एक-दोन सांधेच, आणि प्रत्येकानंतर उंची मोजायचा हाइट गेज लावून फ्रेम सरळ आहे का ते पाहायचे.

वाचकांना इथे कळकळीने सांगतो की हे काम ज्याच्या हातात आहे त्यानेच करावे. चालत्या सायकलीची फ्रेम तुटली तर दात आणि हाडे दोन्ही जातात. घरी ग्राइंडर आहे म्हणून कोणी दांडा कापून लांब करू नये.

चाके ६२२ मिमीची, ४० मिमी रुंद टायरची. उंच माणूस म्हणजे सहसा वजनही जास्त, तेव्हा रुंद टायर आणि भरपूर तारा हव्यात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, कारण भार मागे असतो हे जुन्या लोकांनी ओळखले होते. ४० भोकांची तशी हब (चाकाचा मधला तुंबा) मला मनासारखी मिळाली नाही, म्हणून दोन्हीकडे ३६. चाक विणणे आणि त्याचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढणे हे काम राबोडीतल्या एका वयस्क मेकॅनिककडे दिले. त्यांचा हात मला साधणार नाही. ते तारांवर नखाने टिचकी मारत चाक फिरवतात. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक लागला की ताण सारखा. मग दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून आवळतात, कुठे पीळ राहिला असेल तर ‘टिक’ आवाज होऊन तो सुटतो, आणि पुन्हा आऊट पाहतात. कितीतरी नवीन सायकलींच्या तारा पहिल्या पावसाळ्यात तुटतात, त्या ही पायरी न केल्यामुळे.

सीटबद्दल थोडे. बायकांच्या सीटविषयी दुकानात एकच समज, की जितकी मऊ तितकी चांगली. खरे तर बसताना भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर थोडा वेळ बसायचे. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे आणि सीट त्याहून तीन-चार सेंमी तरी रुंद घ्यायची. ताठ बसून चालवायची तर आणखी थोडी रुंद. फार मऊ सीटमध्ये हाडे रुतून मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बायका हे दुकानदाराला सांगू शकत नाहीत आणि सायकल सोडून देतात.

फ्रेमला रंग तिच्या पसंतीचा, गडद जांभळा. चेनकव्हर पूर्ण, ओढणी अडकू नये म्हणून. हँडल जुन्या काळ्या सायकलीसारखे, मूठ मागे वळलेले. पुढे ३८ दात, मागे ७ चक्रांची १४ ते २८ दातांची फ्रीव्हील. उपवनच्या चढाला पुरते.

जुळवणी तिला बसवूनच केली. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले की पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक आपोआप राहतो. एवढी एक चाचणी कुठल्याही दुकानात, कुठल्याही सायकलीवर, कुठल्याही साधनाशिवाय करता येते. मागून पाहायचे, कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेली. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. तिची सीट आम्ही हिशेबाच्या मापापेक्षा अर्धा सेंमी खाली ठेवली आहे, कारण ती जाड तळाच्या चपला घालत नाही आणि थांबताना पायाचा चवडा जमिनीला लागलेला तिला बरा वाटतो. हिशेब सुरुवातीपुरता, पुढे शरीर सांगेल तसे.

आता ती सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारते, कधी कोलशेतपर्यंत जाते, भाजीला जांभळी नाक्यावर सायकलनेच जाते. गुडघा दुखतो तो थंडीत आणि जिना उतरताना. सायकलवर दुखत नाही. सायकल लांब आहे, लिफ्टमध्ये तिरपी घालावी लागते, एवढी एक अडचण आहे. पहिल्यांदा तलावाला फेरी मारून आली तेव्हा म्हणाली, ‘अहो, मला हँडल दिसतच नव्हतं, रस्ता दिसत होता.’ ओणवून चालवणाऱ्याला समोर हँडल दिसते. ताठ बसले की रस्ता दिसतो. मला त्या वाक्याने जे समाधान दिले ते टूलरूममधल्या कुठल्याही कामाने दिले नाही.

पण ज्या घरात कोणी फिटर नाही त्या घरातल्या उंच माणसाने काय करायचे? आमच्या सोसायटीतच सहा फुटांवरची तीन-चार मुले आहेत, नवी पिढी उंच होते आहे. त्यातल्या एकाने हौसेने गिअरची सायकल घेतली. मी पाहिली तेव्हा त्याचे गुडघे हँडलला लागत होते. त्या सायकलीच्या खोक्यावर, बिलावर, फ्रेमवर कुठेही फ्रेमचे माप नव्हते. चाकाचे मात्र तीन ठिकाणी होते.

म्हणून सायकल बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. सीटनळीवर एक चिकटपट्टी लावा. त्यावर चार गोष्टी असू द्या: सीटनळीची लांबी, नळीवर उभे राहायची उंची, सीट कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वर येते, आणि किती ते किती सेंमी पायाच्या माणसासाठी ही सायकल आहे. यातले प्रत्येक माप कारखान्यातल्या ड्रॉइंगवर आधीच असते, नवीन काही मोजावे लागणार नाही. महागड्या परदेशी सायकलींचे तक्ते कंपन्या छापतातच. आठ-दहा हजारांच्या सायकलीला ते का नसावेत? प्रत्येक मॉडेलचे एक मोठे माप, लेडीज फ्रेममध्येसुद्धा, निदान मागणीवर तरी मिळावे. सगळ्याच दुकानांनी ठेवायला हवे असे नाही, ठाण्यात एकाने आणि वाशी-नेरुळकडे एकाने ठेवले तरी पुरे.

विक्रेत्यांना विनंती की भिंतीवर एक मोजपट्टी रंगवा आणि शेजारी एक गुण्या टांगा. ग्राहक आला की आधी पाय मोजा आणि मग चाकाचे विचारा. दोन मिनिटांचे काम आहे. आणि सीटपोस्टची खूण बाहेर काढून सायकल कोणालाही विकू नका, ग्राहकाने आग्रह केला तरी.

पालकांना एक सांगतो. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मुलाला मोठी सायकल घेतात आणि उंच वाढलेल्या मुलाला तीच पुरवतात. दोन्ही वेळा मूल गप्प बसते. टाचेची चाचणी वर्षातून दोनदा घरच्या घरी करावी.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत पायाची लांबी मोजायची रीत आणि टाचेची चाचणी आकृतीसह पाव पान छापावी, अशी माझी विनंती आहे. आकृती मी टूलरूमच्या पद्धतीने काढून या पत्रासोबत जोडली आहे. छापायला तिचे मानधन नको.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम फिटर
वर्तकनगर, ठाणे (प.)